चमच्याचं वजन

रोज सकाळी खिडक्या उघडून टेबलं पुसली, की प्रयोगशाळेचा सहायक आधी तराजू शून्यावर आणायचा. ही रसायनशास्त्राच्या बाईंची शिस्त. विद्युत अपघटनाच्या प्रयोगात आधी वजन, नंतर वजन. तांब्याची पट्टी धन टोकाला. तिचं ऑक्सिडीकरण होतं, ती झिजते. स्टीलचा चमचा ऋण टोकाला. तिथे क्षपण होऊन तांबं चढतं.

"इथे जितकं चढलं, तितकं कुठून तरी गेलंच," बाई मुलांना बजावायच्या. "अगदी तुमच्या अंगातही तांबं असतं बरं का. फार तर ग्रॅमचा दहावा भाग."

मग एकदा पाहुण्यांसमोर मिरवायला मुख्याध्यापकांनी हा प्रयोग स्वतः केला आणि तारा उलट्या लावल्या. चमच्यावर तांबं चढेना, उलट तोच काळवंडला. पाहुणे हसले. साहेबांनी सरळ बाईंकडे बोट दाखवलं. तीस वर्षं हाच प्रयोग शिकवणाऱ्या बाईंकडे! सहायकाने सगळं पाहिलं होतं, तरी तो मूग गिळून गप्प बसला. बाईंचा वर्ग काढून घेतला, चौकशी लावली. महिन्याभरात त्या वारल्या. चौकशी मात्र चालूच राहिली.

मोरचुदाचं निळं द्रावण, पट्टी आणि चमचा त्याने बाईंच्या पद्धतीने मांडून ठेवले होते. बॅटरी कपाटात होती. पट्टीच्या लाल तारेचं मोकळं टोक दाराच्या दिशेने पडलेलं असे.

सोमवारी चमच्यावर गुलाबी थर दिसला. वजन पाच ग्रॅमने जास्त. मंगळवारी आणखी सहा. पट्टी मात्र जराही हलकी झाली नव्हती. त्याने तराजू दोनदा तपासला. तराजू ठीक होता.

बुधवारी दुपारी साहेब कागद घेऊन आले.

"बाईंनीच तारा उलट्या लावल्या, एवढंच लिहिलंय. उद्या सही हवी."

"साहेब, मी तिथेच उभा होतो."

"म्हणूनच तुमची सही. नोकरी टिकवायची आहे ना?"

सहायकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या बाईच्या माथी स्वतःची चूक मारायला या माणसाला लाज कशी वाटत नाही? तो बोलणार, तेवढ्यात त्याची नजर साहेबांच्या मनगटावर गेली. सांधेदुखीसाठी ते घालायचे ते जाडजूड तांब्याचं कडं आता सुतासारखं बारीक झालं होतं. कागद पुढे सरकवताना ते तुटून टेबलावर पडलं.

"हल्ली तांबंसुद्धा भेसळीचं," साहेब पुटपुटले आणि निघून गेले.

शाळा सुटेपर्यंत टेबलावरचे तुकडे दिसेनासे झाले होते. त्याने चमचा तोलला, आकडा वहीत लिहिला आणि कुलूप लावलं.

गुरुवारी साहेब आले नाहीत.

"झोपेतच गेले म्हणे," शिपाई दारातून म्हणाला. "आजार ना काही."

सहायकाने चमचा तराजूवर ठेवला.

कालच्यापेक्षा ग्रॅमचा दहावा भाग जास्त.

त्याने वही मिटली आणि बसायला वळला. लाल तारेचं टोक आता दाराकडे नव्हतं. ते त्याच्या स्टुलाकडे वळलं होतं.

त्याने खिशातला साहेबांचा कागद चाचपला. घरी पोरांची तोंडं बघून काल केलेली सही केव्हाच वाळली होती.