दोन टपांची जीप

अवकाळी पाऊस धड पडत नव्हता आणि धड थांबतही नव्हता, अशा एका मरगळलेल्या दुपारी त्यानं आमच्या दुकानासमोर जीप उभी केली. मामाची कंबर धरली होती, म्हणून तो पाठीशी उशी घेऊन खुर्चीत बसून होता. आणि ऐन जेवणाच्या वेळी गिऱ्हाईक आलं की माझं डोकं फिरतं, म्हणून मी मान वर केली नाही. आमचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. सीटा, कव्हरं, ताडपत्र्या, जीपचे कापडी टप... जे जे जाडजूड आणि सुई मोडणारं, ते सगळं आमच्याकडे. मशीनवर मी, त्याची भाची, आणि बोलायला मामा.

त्याला जीपचा कडक टप काढून सोबत आणलेला कापडी टप चढवायचा होता. पुढे उन्हाचे दिवस, आणि बंद टपात जीव उकडून निघतो, असं म्हणाला. आता हा कडक टप म्हणजे फायबरचं अख्खं छप्पर, खिडक्या आणि मागच्या काचेसकट. आतले नट खोलले की उचलून बाजूला ठेवायचा, एवढंच काम. पण एकट्याचं नाही. एका बाजूनं एक आणि दुसऱ्या बाजूनं एक, अशी दोन माणसं लागतातच. मामानं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी त्या माणसाकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, बुटांना शेण.

"तुम्ही उचलणार?" तो म्हणाला.

"का, माझ्या हातांना मेंदी लागलीय?"

"तसं नाही... जड आहे, एवढंच."

"मग तुम्ही नीट धरा."

आम्ही उचलला, आणि मागे करकन काहीतरी तुटलं. मागच्या काचेच्या वायपरची वायर सोडवायला तो विसरला होता. मी म्हटलं, हे तुमचं काम. तो म्हणाला, घाई तुम्ही केलीत. टप दोघांच्या हातांवर अधांतरी, वरून बारीक भुरभुर, हात लटपटताहेत, खाली ठेवायचा तर दोघांनी मिळून ठेवायचा — आणि आम्ही आपले भांडतोय. मामाला इतकं हसू आलं की त्याची कंबर आणखी दुखावली.

तो गुरांचा डॉक्टर होता. कापडी टपाच्या कमानी बसवताना सहज बोलावं तसं त्यानं सांगितलं, की तो पहाटेपासून एका गोठ्यात होता आणि गाय वाचली नाही. वासरूही नाही. एवढं बोलून तो बटणं लावायला लागला. मघाशी मी त्याला काय काय बोलले होते ते आठवून माझंच मला कसंतरी झालं. तुटलेली वायर मी गुपचूप जोडून दिली.

काढलेला टप ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. त्याची खोली वरच्या मजल्यावर, तीही एकच. मामा म्हणाला, मागे शेड आहे, असू दे तिथे. झालं. तेव्हापासून उन्हाळ्यात कापडी टप जीपवर आणि कडक आमच्याकडे, थंडीत कडक जीपवर आणि कापडी आमच्याकडे. काही झालं तरी त्याचं एक छप्पर कायम माझ्या ताब्यात असायचं. मामा म्हणायचा, डोकं एक आणि टोप्या दोन, अशा माणसानं लग्न करू नये, बायको वैतागते.

ऋतू बदलला की तो येणार हे ठरलेलं. पण तो मधेच यायला लागला. बटण निघालं. प्लास्टिकची खिडकी धुरकट झाली. चेन अडकते. चेन अडकत नव्हती, मी तपासली होती. मला तो 'मास्तर' म्हणायचा. मी त्याला शिकवलं की गारठ्यात हे कापड आक्रसतं, तेव्हा ओढाताण करू नये, आणि प्लास्टिकची खिडकी थंड असताना दुमडली तर काचेसारखी तडकते. तो शहाण्या मुलासारखा मान डोलवायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचा.

थंडीचा टप चढवायच्या आधी एका गार सकाळी चेन खरंच लागेना. तो जीपच्या आत बसून कापड ओढत होता, मी बाहेरून. मधे फक्त ती प्लास्टिकची खिडकी. त्याच्या श्वासानं ती पांढरी व्हायची, पुन्हा निवळायची, आणि निवळली की तो माझ्याकडेच बघत असायचा.

"काय बघताय?"

"खिडकी साफ आहे का ते बघतोय."

"मी पुसलीय."

"म्हणूनच तर दिसतंय."

त्या दिवशी माझ्या हातून दोन सुया मोडल्या.

दुकानाच्या मागच्या खोलीत आई असते. तिचं डावं अंग गेलंय. कूस बदलायची तरी कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. पडल्या पडल्या तिला सगळं ऐकू येतं. एकदा ती म्हणाली, माणसांचा डॉक्टर असता तर माझा पाय तरी बघितला असता. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तो आत गेला, तिच्या पायाशी बसला, आणि हळूहळू तिची बोटं एकेक करून दाबत राहिला. पाय तो पाय, म्हणाला, चार काय अन् दोन काय. आई कितीतरी महिन्यांनी हसली. मी दारात उभी होते. तिथेच मी कामातून गेले.

पण बोललं कुणीच नाही. मी नाही, तोही नाही. तो यायचा, चहा घ्यायचा, आईशी गप्पा मारायचा, मला चिडवायचा आणि जायचा. गेला की दुकानात एकदम अंधारून आल्यासारखं व्हायचं. मामा दिवा लावायचा.

मग थंडी सुरू झाली आणि तो टप बदलायला आला. आम्ही कडक टप चढवला. आता न भांडता जमायचं आम्हाला. कापडी टपाची चेन आता मात्र खरोखरच फाटली होती, म्हणून तो टप दुरुस्तीला माझ्याकडे राहिला. नट आवळता आवळता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला की त्याची बदली झालीय. लांब, वर डोंगरात, जिथे वर्षाचे निम्मे महिने रस्ता बंद असतो. तिथल्या गुरांना डॉक्टर नाही. ही जागा त्यानंच मागितली होती, आमची ओळख व्हायच्या आधी.

"मागितली तेव्हा दिली नाही. आणि आता..." त्यानं वाक्य तिथेच सोडलं.

मी विचारलं, जाणार का. तो म्हणाला, नोकरी आहे, नाही म्हटलं तर घरी बसावं लागेल. आणि जाताना कापडी टपही नेईन, घडी करून मागे टाकतो. चेन बसवून झाली की सांगा.

मला एकदम लख्ख दिसलं की पहिल्यांदाच आमच्याकडे त्याचं काहीही उरणार नाही. कडक टप जीपवर, कापडी जीपमध्ये. हा माणूस आपली दोन्ही छपरं घेऊन चालला. मी म्हटलं, "चेन संपलीय. मागवलीय."

चेन खणात होती. त्याच संध्याकाळी मी ती बसवली, टीपही दुहेरी घातली, आणि तो टप फोमच्या तुकड्यांच्या ढिगाखाली सारून दिला. शिंप्याचा उद्या कधी उजाडत नाही असं लोक म्हणतात, ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. चेन आली? नाही आली. बरं, म्हणाला, आईशी बोलत बसला आणि गेला. नंतरही तेच. तो विचारायचा, मी नाही म्हणायचे, तो चहा घ्यायचा. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. समोरचा रस्ता दुपारीही नीट दिसायचा नाही. तो निघण्याविषयी बोलायचा नाही आणि मी विचारायचे नाही. एकदा मात्र मामाला हळूच सांगताना मी त्याला ऐकलं, की वरून तंबी आलीय, खिंड बंद व्हायच्या आत पोचला नाहीस तर नोकरी विसर.

तो गेल्यावर मामा माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला.

"भवाने, एक सांग. तो चाललाय तिथे कापडी टप घेऊन करणार काय? तिथे भर उन्हाळ्यात लोक शेकोटी करतात. ती प्लास्टिकची खिडकी आठवडाभर टिकायची नाही. हे त्याला माहीत नाही होय? तूच तर शिकवलंस."

माझा पाय मशीनवरून निघाला. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी खोटं बोलत होते, आणि तो नको असलेल्या वस्तूसाठी रोज येऊन माझं खोटं ऐकून जात होता. क्षणभर मला इतका आनंद झाला की रडू यायला लागलं. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट समजली. मी अशीच नाही नाही म्हणत राहिले तर तो असाच येत राहील, खिंड बंद होईल, नोकरी जाईल. आणि त्याच्याबरोबर जावं म्हटलं तर आईचं काय? तिथे गुरांना डॉक्टर मिळणार होता. माणसांना नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी ढिगाखालून टप काढला, झटकला आणि टेबलावर ठेवला. तो आला तेव्हा मामा आईजवळ जाऊन बसला.

"तयार आहे," मी म्हटलं.

त्यानं चेनवरून बोट फिरवलं. "आली वाटतं."

"होतीच. टप केव्हाचाच तयार आहे."

"माहीत आहे. ढिगाखालून एक कोपरा दिसत होता."

"मग मागितला का नाही?"

"मागितला असता तर न्यावा लागला असता." तो खिन्न हसला. "रोज बोलायचं ठरवून यायचो. तुम्ही चेन नाही म्हणालात की बरं वाटायचं... आजचा दिवस टळला."

मग तो हळूच म्हणाला, की हा टप इथेच राहू दे. तिथे त्याचा उपयोग नाही. इथे असला म्हणजे यायला काहीतरी निमित्त राहील.

मला हेच तर हवं होतं. इतके दिवस ह्याच्यासाठीच तर सगळी लबाडी केली होती. पण तो टेबलावरचा टप बघितला, आणि मला पुढची वर्षं दिसली. तो फडताळात पडलेला, मी रोज त्याच्यावरची धूळ झटकतेय, आणि कधीतरी हा येतोय, बरा आहे ना म्हणून टपाची चौकशी करतोय, चहा घेऊन जातोय. निमित्तं पुरे झाली होती मला. मला तो हवा होता.

"नाही," मी म्हटलं. "घेऊन जा."

"मास्तर—"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं, आणि आवाज फाटला. "मला यायचंय आणि मला येता येत नाही. आईला टाकून नाही, आणि तिला घेऊन त्या बर्फात तर नाहीच. तुला थांब म्हणणार नाही, थांबलास तर उद्या तूच पस्तावशील. पण मागे काही ठेवून जाऊ नकोस. टप न्यायला आलो म्हणून येऊ नकोस. यायचंच झालं तर नुसता ये."

त्यानं माझा हात हातात घेतला, सुया टोचून टोचून खडबडीत झालेली बोटं बघत बसला, आणि मग ती डोळ्यांना लावली. त्याचे डोळे ओले होते. "माझंही आहे," तो म्हणाला, "त्या पहिल्या भांडणापासून." मग म्हणाला, "नुसता येईन. कधी, ते आज सांगता येत नाही ग."

"सांगू नकोस," मी म्हटलं. खोटा वायदा मला सोसला नसता.

तो आत जाऊन आईच्या पाया पडला. मी टपाची घडी घातली. दोन खिडक्यांच्या मधे मऊ कापड घातलं, म्हणजे तडकायला नको, वापरणार नसला तरी. आम्ही दोघांनी मिळून ती घडी जीपच्या मागे ठेवली. एकट्यालाही जमली असती, पण कुणी तसं म्हटलं नाही. मग तो निघाला. धुकं इतकं दाट होतं की जीप वळणापर्यंतही दिसली नाही. आवाज तेवढा बराच वेळ ऐकू येत राहिला.

मी आत गेले. मामा उठून दुकानात गेला. आईची कूस बदलायची वेळ झाली होती. मी तिला धरून उजवीकडे वळवलं, पाठीला उशी लावली.

"नेला का त्यानं?" आईनं जड जिभेनं विचारलं.

"नेला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

आईनं मान खिडकीकडे वळवली. "मग आता कशाला येईल ग तो?"

"आला तर माझ्यासाठी येईल, आई."

आईनं चालता हात तेवढा हलवून गादीवर जागा केली. मी तिच्याशेजारी आडवी झाले आणि मग पोटभर रडले.