बलनाक्रीचा एकटा खेळाडू

ही घटना खरी आहे. पटली तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

करकरणारं दार, विझणारी मेणबत्ती, केस मोकळे सोडलेली बाई... असलं काही यात नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी इथेच थांबावं. त्यांच्यासाठी ढीगभर भंगार लिहून ठेवलेलं आहे.

हे घडलं माझ्या रॅनल्डमामासमोर. गेल्या जूनमध्ये, सदरलंडच्या अगदी वरच्या किनाऱ्यावर, बलनाक्रीच्या गोल्फ मैदानात. सूर्य मावळतीला टेकला होता.

मामा इन्व्हर्नेसला दातांचा डॉक्टर होता. निवृत्त झाला आणि त्यानं सगळ्या स्कॉटलंडला आ करायला लावलं. दर शनिवारी एक नवं मैदान. तिथं खेळायचं, नाक मुरडायचं आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येऊन निकाल द्यायचा.

"किलफेरी? कीड लागलीय. अर्डनाव्ही? मुळापासून हलतंय, उपटून टाका. डॉर्नोक ठीक आहे, पण तिथली माणसं उगाच फार हसतात."

स्वतः कसा खेळायचा ते विचारू नका. दोनातला एक चेंडू गवतात जायचा. दोष अर्थात गवताचा.

त्याच्याबरोबर खेळायला दुसरं कुणी तयार नव्हतं. म्हणून तो माझ्या बाबांना न्यायचा.

बाबा म्हणजे डूगल. तीस वर्षं शाळेची बस चालवली. समोरून गाडी आली की अरुंद रस्त्यावर बस आधी बाबाच मागे घेणार. दुकानात रांगेत उभे राहिले की "तुम्ही घ्या आधी, मला घाई नाही." माझी आई इफी चिडून म्हणायची, हा माणूस स्वतःच्या लग्नातही दुसऱ्याला पुढे पाठवायला निघाला होता.

मार्चमध्ये बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बलनाक्री हा त्यानंतरचा त्यांचा पहिला खेळ.

आईनं मामाला दारात अडवून बजावलं होतं.

"रॅनल्ड, ह्यांना दमवू नकोस. चढावर हळू. आणि अंधाराच्या आत घरी."

"अंधार कसला गं, जून महिना आहे. आणतो तुझ्या नवऱ्याला परत. मला काय करायचंय त्याचं?"

असा हा माणूस. त्याच्या ताब्यात आम्ही बाबांना दिलं होतं.

बलनाक्रीला पोचल्यावर मामानं गाडीतून उतरायचीही वाट पाहिली नाही.

"दाजी, हे मैदान आहे की मेंढ्यांचा संडास?"

"हवा छान आहे," बाबा म्हणाले.

"हवेला कोण विचारतंय? हवा सगळीकडेच असते."

नऊ होल, एक पत्र्याची खोली, आणि सगळीकडे चरणाऱ्या गावच्या मेंढ्या. त्या ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चढू नयेत म्हणून प्रत्येक ग्रीनभोवती विजेची तार ओढलेली. ती तार सतत वाजायची.

टक... टक... टक...

"घड्याळाच्या दुकानात खेळतोय असं वाटतं," मामा म्हणाला. पहिल्याच फटक्याला त्याचा चेंडू मेंढ्यांत गेला. तो मेंढ्यांना शिव्या देत राहिला.

तिसऱ्या होलवर बाबा थांबले आणि त्यांनी मागे पाहिलं.

"मागे कुणीतरी आहे."

एक माणूस होता. एकटाच. खांद्याला बॅग, डोक्याला टोपी, पाठीत जरासा वाकलेला. चेहरा दिसण्याइतका जवळ नव्हता.

बाहेर तर यांची एकच गाडी उभी होती.

"असेल गावातला. चालत आला असेल," मामा म्हणाला. "मेंढपाळानं सुट्टी घेतली असेल आज."

आता इथली एक रीत आहे. एकटा माणूस भरभर खेळतो. दोघं हळू खेळत असतील तर त्यांनी बाजूला व्हायचं, हात वर करून त्याला बोलवायचं आणि तो पुढे निघून जाईपर्यंत गप्प उभं राहायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि पुढच्यानं हात केल्याशिवाय मागचा पुढे येत नाही. कितीही वेळ लागो, तो थांबतो.

"त्याला वाट देऊ या का?" बाबांनी विचारलं.

"द्यायची काही गरज नाही. या कुरणावर मला कोणी मागे टाकून जाणार? हात खाली करा."

बाबांनी हात खाली केला.

चौथ्या होलवर त्यांनी पुन्हा वळून पाहिलं.

तो माणूस होता... तेवढ्याच अंतरावर.

तो खेळताना दिसला नाही. चालतानाही नाही. फक्त जेव्हा वळावं तेव्हा... तेवढ्याच अंतरावर उभा.

पाचव्या होलवर मामाचा चेंडू हरवला. गुडघाभर गवत. दोघं शोधत राहिले. बाबांना धाप लागली असणार, पण ते बोलले नाहीत. मामाच्या ते लक्षात आलं नाही. मामाच्या कधीच कुणाचं काही लक्षात येत नाही.

"रॅनल्ड, आता तरी बोलव रे त्याला. बिचारा किती वेळ उभा आहे."

मामा वैतागला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, कमरेत वाकला आणि नाटकातल्या नोकरासारखा हात हलवला.

"या महाराज, या. तुमच्याच बापाचं कुरण आहे."

त्या माणसानं दुरून हात वर केला.

दोघं बाजूला झाले. गवतात उभे राहिले.

आणि आवाज आला... चेंडूवर स्टिक बसल्याचा. स्वच्छ, एकच.

चेंडू मात्र कुठेच पडला नाही.

समोर नाही. मागे नाही. पडल्याचा आवाजही नाही.

तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. आमच्या किनाऱ्यावर ते असंच येतं, बोलता बोलता. आधी झेंडा गेला, मग ग्रीन गेलं, मग मागची वाट गेली.

मेंढ्यांचा आवाज थांबला होता.

मग बाबा हळूच म्हणाले, "रॅनल्ड... तार वाजत नाहीये."

"वीज गेली असेल. या गावात वीज आहे हेच नवल."

ते थांबून राहिले. कुणी आलं नाही. पावलं नाहीत, खोकला नाही, बॅगेतल्या स्टिकांचा खडखडाट नाही.

मामाला धीर धरवेना. त्यानं खिशातून दुसरा चेंडू काढला आणि खाली टाकला.

"अरे, तो पुढे गेल्याशिवाय मारायचं नसतं," बाबा म्हणाले. "धुक्यात तो कुठे आहे ते दिसतही नाहीये. निदान ओरड तरी."

चेंडू कुणाला लागण्याची भीती असेल तर 'फोर' म्हणून ओरडायचं असतं. न ओरडता मारणारा माणूस आमच्याकडे माणसात जमा नाही.

"या असल्या मैदानावर मी घसा फोडू?" मामा म्हणाला आणि त्यानं चेंडू मारला.

चेंडू धुक्यात शिरला.

आणि आतून आवाज आला... थप्.

जमिनीवर पडल्याचा नव्हे. कशावर तरी बसल्याचा. मऊ, जड.

कुणी ओरडलं नाही. कण्हलं नाही.

"लागला त्याला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "देवा. मी बघून येतो."

"बसा हो दाजी. मेंढी असेल."

बाबा गेले. बॅग तिथेच ठेवून, छातीवर हात दाबून, धुक्यात गेले. ऑपरेशन झालेला माणूस गेला, आणि हा धडधाकट गृहस्थ स्टिकवर रेलून पेपरमिंट चघळत उभा राहिला.

आतून बाबांचा आवाज आला. "लागलं का हो तुम्हाला?"

मग शांतता.

मग पुन्हा बाबांचाच आवाज. "लागलं का हो तुम्हाला?"

तेच शब्द. तोच कापरा सूर. पण या वेळी... थोडा उजवीकडून.

म्हातारा दोनदा विचारतोय, मामाला वाटलं. नंतर हळू आवाजात बोलणं ऐकू आलं. मग तेही थांबलं.

बऱ्याच वेळानं मामा वैतागून पुढे गेला. त्यानं हाक मारली, बाबा धुक्यातून बाहेर आले, दोघं गाडीत बसले आणि घरी आले. "तुमच्या बलनाक्रीला दहापैकी एक," मामा दारातून ओरडला आणि निघून गेला.

हे सगळं दुसऱ्या दिवशी त्यानंच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. खूप दिवस मला एवढंच माहीत होतं.

आता घरातलं सांगते.

त्या रात्री आईनं दार उघडलं तेव्हा बाबा तिला बाजूला सारून आत शिरले आणि सरळ जेवायला बसले. आम्हाला वाटलं, दमलेत, भूक लागली असेल.

पण मग रोजच.

दारातून आधी ते. जिन्यावरून आधी ते. दुकानात रांग असली तरी सरळ पुढे. एकदा अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली. बाबा गाडीत हात बांधून बसून राहिले. शेवटी ती बाई चिडून आपली गाडी मागे घेत गेली.

"हृदय सुधारलं की माणूस सुधारतो," आई म्हणाली. ती खूश होती. डॉक्टरही खूश होता. इतकी चांगली नाडी त्यानं या वयात पाहिली नव्हती म्हणे.

मी खूश नव्हते. का, ते सांगता येत नव्हतं.

बाबा हल्ली शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावतात. ऐन ऑगस्टच्या उकाड्यातही लावायचे. ऑपरेशनचा व्रण मी जूननंतर पाहिलेला नाही. 'दाखवा' म्हणून कसं विचारायचं? आईला विचारलं तर ती लाजली. म्हणाली, हल्ली ते दिवा मालवल्याशिवाय कपडे बदलत नाहीत.

आणि मामानं गोल्फ सोडलं.

आधी मला वाटलं, देवानं स्कॉटलंडची दया केली. पण त्याचं रविवारी जेवायला येणंही बंद झालं. आला तर बाबा घरी नसताना यायचा. मैदानांबद्दल अवाक्षर नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सगळी चांगली आहेत."

ऑक्टोबरात एकदा आई-बाबा चर्चला गेले होते. मामा आला. मी बटाटे सोलत होते. तो कोट न काढताच बसला.

"पोरी, तुझे बाबा... कसे आहेत?"

"तब्येत उत्तम आहे. का?"

"दोघं होते," तो म्हणाला.

"कोण दोघं?"

"बलनाक्रीला. मी धुक्यात गेलो तेव्हा वाटेच्या कडेला दोघं उभे होते. गवतात, बाजूला होऊन, मला वाट देत. दोघांचे हात वर. टोपी तीच, जॅकेट तेच. वाकणं तेच. दोघंही... दाजी."

मी सुरी खाली ठेवली.

"मी नीट बघितलं नाही गं. चिडलो होतो. चेंडू गेलेला, धुकं, थंडी. न थांबता पुढे निघालो आणि म्हटलं, चला आता, इफी वाट बघतेय. मागून पावलं आली. एकाची."

"आणि दुसरा?"

"उभाच राहिला."

"कुठे?"

"तिथेच. गाडीपाशी गेल्यावर मी एकदा वळलो. धुकं जरा उठलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. मी हात करीन म्हणून." मामानं तोंड पुसलं. "मला वाटलं, तो दुसरा असणार. जो गाडीत बसला तो आपला. जो मुकाट बरोबर येतो तो आपलाच असतो ना?"

चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या तोंडात डोकावत होता. त्याला एक चेहरा बघता आला नाही. निवृत्तीपासून ज्याच्याबरोबर खेळला, ज्याला दर आठवड्याला हसला, त्याच्याकडे एकदा मान वळवून बघण्याइतकीही किंमत त्याला द्यावीशी वाटली नाही.

मी त्याला घरातून जायला सांगितलं. पुन्हा येऊ नको म्हणाले. तो उठून गेला.

थोड्या वेळानं दार उघडलं. ते आले. आईच्या आधी आत शिरले, जेवायला बसले आणि माझ्याकडे बघून हसले. अगदी बाबांसारखे.

मी त्यांना वाढलं. अजूनही वाढते. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला नव्यानं नवरा मिळालाय. ती गाणी म्हणत इस्त्री करते.

आता डिसेंबर आहे. वर बलनाक्रीला दुपारीच अंधार होतो आणि समुद्रावरचा वारा माणसाला उभं राहू देत नाही. गाडीनं सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचता येतं. मी दोनदा निघाले आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परत आले.

भीती त्याची नाही, की तिथे कुणी नसेल.

तिथे कुणी उभं असेल, मी हात करीन, तो मुकाट गाडीत बसेल... आणि घरात एक आहे. मग मी कुणाला बाजूला व्हायला सांगू? आणि मामाच्या हातून जे झालं ते माझ्या हातून होणार नाही कशावरून?

पण थंडी वाढतेय. आणि माझे बाबा मला माहीत आहेत. कुणी हात केल्याशिवाय ते पुढे यायचे नाहीत.