प्रस्तुती : रोशनी व्हिडिओ, अमडापूर

मालिका संपली की लोक उठतात. कुणी पाणी प्यायला जातं, कुणी चॅनेल बदलतं. मी बसून राहतो. शेवटी नावं सरकत जातात, आणि अगदी शेवटच्या तीन-चार सेकंदांत ती मालिका ज्यांनी बनवली त्यांचं बोधचिन्ह येतं. ते मला पाहायचं असतं. पूर्वी ते म्हणजे कॅमेऱ्यासमोर धरलेली रंगवलेली पाटी असायची. धरणाऱ्याचा हात थरथरला की अक्षरंही थरथरायची. मग संगणक आला, अक्षरं सोनेरी झाली, गरगर फिरू लागली. आता ते कोपऱ्यात चिमटून टाकतात आणि पुरतं उमटायच्या आत जाहिरात सुरू होते. मी चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. बदल मोजत बसण्याचा नाद तिथलाच, असं मी सांगतो. खरं कारण वेगळं आहे. तेच सांगायला बसलो आहे, पण आधीच कबूल करतो, यातल्या किती गोष्टींची मला खात्री आहे ते मलाच ठाऊक नाही.

अमडापूरला वाहेदभाईंचं केबल होतं, रोशनी व्हिडिओ. आमच्या चिखलीतही ते दिसायचं. दर रविवारी ते अर्धा तास स्वतःचा कार्यक्रम दाखवायचे. कधी शेतीचा सल्ला, कधी कुणाचं लग्न, ईदचा मुशायरा, गणपतीतल्या स्पर्धा. महिन्यातून एकदा चिखलीहून जाऊन मी विज्ञानाचे सोपे प्रयोग करून दाखवायचो. ब्याण्णव सालच्या दिवाळीत माझी मुलगी सुचिता सोबत आली होती. नऊ वर्षांची. वाहेदभाईंना शेवटच्या पाटीसाठी काहीतरी हवं होतं. त्यांनी तिला आपल्या घराच्या ओट्यावर बसवलं, हातात पणती दिली. ती पणती खाली ठेवते, ज्योतीला हाताचा आडोसा करते आणि वर पाहून हसते. खाली अक्षरं, ‘प्रस्तुती : रोशनी व्हिडिओ, अमडापूर’. चार सेकंद.

पुढच्या पावसाळ्यात ती मेंदूज्वराने गेली. आठ दिवसांत. वाहेदभाई भेटायला आले, मान खाली घालून म्हणाले, “सर, ते काढून टाकू का?” मी म्हटलं, राहू द्या. घरचं केबल मात्र तोडलं. पुष्पाने, माझ्या पत्नीने, त्याच महिन्यात सुचिताचे सगळे फोटो पैनगंगेत सोडले. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या मार्चच्या अखेरीस मेथी निवडता निवडता पुष्पा थांबली आणि म्हणाली, “अहो, मला तिचा चेहरा आठवत नाही.”

ती रडली नाही. म्हणून मी घाबरलो. रात्रभर विचार करत होतो की मला तरी आठवतो का. सकाळी अमडापूरला फोन लावला. वाहेदभाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी खुर्शीदाभाभी त्या घरात एकट्याच राहतात. म्हणाल्या, कॅसेटी आहेत, व्हीसीआरही चालतो, या.

खामगावच्या बसने मी भरदुपारी उतरलो. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

“या सर,” भाभी दारातच म्हणाल्या. “चष्मा नवा दिसते. मानूस थोच हाये ना?”

“तोच आहे भाभी. थोडा झिजलाय.”

“झिजन्यावरून बोलू नका बाप्पा. माह्ये गुडघे पाहा.”

आतल्या खोलीत काळोख होता. डांबराच्या गोळ्यांचा आणि बुरशीचा वास. कपाटात तेरा कॅसेटी ओळीने उभ्या होत्या, प्रत्येक दिवाळीची एक. पाठीवर वाहेदभाईंच्या अक्षरात साल. त्यांची पद्धत मला माहीत होती. नवा कार्यक्रम झाला की शेवटचे ते चार सेकंद मागच्या दिवाळीच्या कॅसेटवरून कॉपी मारायचे. म्हणजे कॉपीची कॉपी, तिची कॉपी. अशाने चित्र दर वेळी पुसट होत जातं. हे मी वर्गात शिकवलं आहे.

पहिली कॅसेट लावली. यंत्र घरघरलं, खोलीत निळसर उजेड पडला आणि सुचिता ओट्यावर बसलेली दिसली. ती हसली. मला चेहरा आठवत होता. निदान तेव्हा तरी तसं वाटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण जुना नाद. पाटी कशी बदलत गेली ते पाहू म्हणून मी पुढची लावली. मग तिच्या पुढची. रंगवलेली अक्षरं जाऊन संगणकाची आली, मग त्यांना सावली आली, मग ती सोनेरी होऊन फिरू लागली. पाचव्या कॅसेटवर मला जाणवलं की मी अक्षरांकडे पाहतच नाही.

चित्र पुसट झालं नव्हतं. उलट स्वच्छ होतं. आणि पणती ठेवणारी मुलगी तेरा वर्षांची होती.

आठव्या कॅसेटवर दोन वेण्यांची एक झाली होती, बोटं लांब झाली होती. अकराव्या कॅसेटवर पंजाबी ड्रेस. तेराव्या, म्हणजे दोन हजार चार सालच्या कॅसेटवर साडी नेसलेली तरुण बाई पणती ठेवत होती. वरच्या ओठापाशी तीळ, पुष्पाचा आहे तिथेच. ती हसली नाही. अंगणात कुणी यायचं आहे अशी बाजूला पाहत राहिली.

“भाभी,” मी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, “वाहेदभाई दरवर्षी नवी मुलगी बसवायचे का?”

“नाई सर. एकदाच शूटिंग झाली. तुमी होते ना तठी.”

“मग हे…”

“त्यायले ठाव होतं.” त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. “म्हनत, खुर्शीदा, पोरगी मोठी होऊन राह्यली. अजून दोनदा कॉपी मारली तं लगन लावून द्या लागीन.” त्या हसल्या, मग हसणं थांबवलं. “म्हून तं बंद केलं सर. म्हनत, मी कॉपी मारतो म्हून थे वाढते. मायबापायनं जे पाह्यलं नाई, थे म्या काऊन पाहू?”

मी घामाने भिजलो होतो, आणि तशा अवस्थेतही मी त्यांना समजावून सांगितलं. दरवर्षी एक कॉपी निघाली आणि दरवर्षी एक वर्षही गेलं. तेव्हा ती कॉपीमुळे वाढली की वर्षामुळे, हे सांगता येणार नाही. पण वय वर्षांनी वाढतं भाभी, कॉपीने नाही. जे काही आहे ते त्या वर्षांत आहे, या जुन्या फितीत आहे.

“तुमी शिकेल मानूस,” त्या म्हणाल्या. “पन नेता तं कॅसेटच न्या. मशीनबी न्या. कॉपी मारू नका.”

मशीन जड होतं आणि मला बसने जायचं होतं. रविवारी गाडी करून येईन, असं मी म्हणालो. मनाशी वेगळंच ठरवलं होतं. पुष्पा दाराशी उभी असणार, मी रिकाम्या हाताने कसा जाऊ? भाभी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी पहिली कॅसेट पुन्हा लावली आणि मोबाइल समोर धरून ते चार सेकंद टिपून घेतले. लगेच पाहिले. नऊच वर्षांची होती. फ्रॉक गुडघ्याच्या जरा वर गेल्यासारखा वाटला, पण मोबाइल तिरपा धरला असेल, असं मी ठरवून टाकलं.

पुष्पाने तो व्हिडिओ पाहिला आणि “हीच,” एवढंच म्हणाली. मग पुन्हा पाहिला. मोजलं नाही, पण पन्नासेक वेळा पाहिला असेल. मी तो तिच्या मोबाइलवर टाकून दिला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. चार दिवस घरात कुणीतरी गुणगुणत होतं, आणि ती पुष्पा होती.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला ती म्हणाली, “विमलला पाठवला हो मी. भावंडांच्या ग्रुपवरही टाकला. पाहू दे ना सगळ्यांना आपली पोर.”

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. विमल म्हणजे तिची धाकटी बहीण, मोताळ्याला असते. पुष्पाने स्पीकर लावला.

“ताई वं, सुचिता येवढी मोठी होती का? मले तं फ्राकातलीच याद हाये. हे तं लग्नाची दिसून राह्यली!”

“डोळे तपास तुझे,” पुष्पा हसली. “मोतीबिंदू झाला असेल.”

भाभी बरोबर होत्या, ती कॉपीनेच वाढत होती, आणि मोबाइलवर एका पाठवण्यासरशी कितीतरी वर्षांनी. विमलने तो आपल्या सुनेला, डिंपलला, नागपूरला पाठवला होता. थोड्याच वेळात डिंपलचा मेसेज आला, ‘मावशी, खूप छान! या आजी कोण?’

मी एकेकाला फोन लावले. हात जोडतो म्हणालो, पुढे पाठवू नका. कुणी हो म्हणालं, कुणी म्हणालं, काका, केव्हाच पाठवला. अर्ध्या तासाने तो व्हिडिओ पुष्पाच्या मोबाइलवर एका अनोळखी नंबरवरून परत आला. वर दोन बाण आणि ‘बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेले’. कुणीतरी त्यावर गुलाबाचं फूल आणि ‘शुभ संध्याकाळ’ चिकटवलं होतं.

मी तो उघडला. ओटा होता. पणती तेवत होती. खाली वाहेदभाईंची रंगवलेली अक्षरं, अगदी स्पष्ट. बाकी कुणी नव्हतं.

तो मी तिथेच पुसून टाकायला हवा होता. पण पुष्पाने माझ्या हातातून मोबाइल घेतला. मला वाटलं, ती आता कोसळेल. तिने शांतपणे पाहिला.

“दिवा लावून आत गेली,” ती म्हणाली.

“आत? आत कुठे?”

“घरात. दार उघडं आहे बघा.”

खरंच होतं. तेराही कॅसेटींवर ओट्यामागचं दार बंद होतं. आता एक फळी आत ढकललेली होती आणि तिच्यामागे काळोख दिसत होता. ते दार खुर्शीदाभाभींचं होतं. मी त्यांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

“बोला सर,” भाभींचा आवाज नेहमीसारखाच होता. “तुमालेच लावनार होती फोन. पाहुनी आली हाये.”

“कोण पाहुणी?”

“लय म्हातारी हाये. ओट्यावर दिवा ठेवला न् सरळ आत येऊन बसली. नाव सांगत नाई. पन तोंड पुष्पाताईवानी हाये, म्हून म्हटलं तुमच्याकडचीच कोनी असन…” त्यांनी आवाज खाली आणला. “सर… आईसंग बोलाचं म्हनते. देऊ का तिले फोन?”

शेजारी पुष्पाला सगळं ऐकू गेलं होतं. तिने पदराला हात पुसले आणि एक हात फोनसाठी पुढे केला.