उजवं फूल

"तुमचा देव राहतो तरी कुठं हो?"

विचारलं एकदाचं! मागं बाकड्यावर शालू आणि तिची टोळी तोंडावर हात दाबून खिदळत होती. पैज त्यांचीच. मळवली स्टेशनवर लोणावळ्याच्या गाडीची वाट बघताना शाळेची सगळी पोरं देवळाच्या दिशेनं हात जोडत, आणि मॅट्रिकच्या वर्गातला हा हौशीराम तेवढा धुक्याकडं तोंड करून, डोळे मिटून उभा! ना गंध, ना अंगारा.

त्यानं एकच डोळा उघडला.

"कुणाला भेटायचंय? देवाला, का मला?"

"इश्श! देवालाच!"

"मग लांब कशाला जाता?" त्यानं छातीवर बोट टेकवलं. "माझा हितं असतो. तुमचा तितं."

पैज जिंकले... पण मैत्रिणींकडं बघायचीसुद्धा लाज वाटली. आणि दुसऱ्या दिवसापासून मीही धुक्याकडं तोंड करून उभी राहू लागले. डोळे मात्र मिटत नसत. तो शेजारी होता ना!

मग आबांनी गावदेवीला कौल लावला. नवलाख उंबरे गावाहून मला स्थळ आलं होतं. देवीच्या पाषाणावर दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. उजवं पडलं—टपकन! आई आनंदानं रडली. मी सहावी इंग्रजीत, मॅट्रिकच्या अलीकडच्याच वर्गात. आता शाळा सुटणार... आणि सकाळचं ते स्टेशनही.

"देवीनंच सांगितलंय," दुसऱ्या दिवशी मी हौशीरामला म्हटलं. "न्हाई म्हटलं तर कोपेल ती."

"झुंबर..." पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं! "देवीला मी नावं ठेवत न्हाई. पण माझा देव फुलं पाडून बोलत न्हाई बघ. भ्या वाटलं की मी त्याच्यापाशी गप बसतो. भ्या गेलं की उत्तर माझं मीच देतो."

"मग... माझ्याबद्दल काय उत्तर दिलंत?"

"ते कवाच दिलंय." तो रुळांकडं बघत होता, कान मात्र लालबुंद! "दोघंबी मॅट्रिक होऊ. मग तुझ्या आबांकडं मागणी घालायला येतो. थांबशील?"

गाडी आली. मी दप्तर उचलून बायकांच्या डब्याकडं पळाले.

संध्याकाळी भात काढलेल्या खाचराच्या बांधावर जाऊन बसले. हात जोडावेत की नाही, कळेना; मांडीवरच ठेवले. म्हटलं, "तू जो कुणी असशील... मला लय भ्या वाटतंय."

कुणी बोललं नाही. पेंढ्यावरून वारा गेला. एक टिटवी ओरडली. कुणी कोपलंही नाही! छाती अशी मोकळी झाली, अशी हलकी, की मी एकटीच हसले. परकर झटकून घराकडं पळत सुटले.

आबा पाटावर बसले होते, आई भाकरी थापत होती.

"आबा, आई, ऐका! देवीवर माझा राग न्हाई, तिचाबी माझ्यावर न्हाई. मी बसून बघितलंय. उंबऱ्याच्या स्थळाला न्हाई म्हणून निरोप धाडा. मी मॅट्रिक होणार. आणि मग लग्न करीन ते हौशीरामशीच!"