जहाज लॉन्ड्रीतला निळा धागा

डांबराचा डाग लोकरीवर पडला की तो कपडा गेला, असं मी धरून चालले होते. आमचे हे, म्हणजे घनश्यामराव, रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर. डांबराशी रोजचा संबंध. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला राखी कोट घालून कामावर जाऊ नका, असं मी शंभरदा सांगितलं आणि शंभरदा ते घालून गेले. १९५८च्या हिवाळ्यात उजव्या बाहीवर तळहाताएवढा काळा डाग घेऊन आले आणि वर मलाच विचारलं, "हा कधी पडला?"

मी पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. दवाखान्याच्या चादरी जहाज लॉन्ड्रीत जायच्या, म्हणून कोटही तिथंच नेला. बाजारओळीच्या टोकाला, कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर, आणि पाटीवर दोन धुराड्यांचं जहाज रंगवलेलं. आमच्या खुनी नदीला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसतं, त्यामुळे त्या पाटीची चेष्टा व्हायचीच. "गफ्फारभाई, जहाज कधी सुटते?" कोणीही जाता जाता विचारायचं. "तुमचे कपडे धुऊन झाले का सुटते," ते मान वर न करता म्हणायचे.

गफ्फारभाई केळापूरचे. मामाच्या ओळखीनं मुंबईला गोदीत गेले आणि तिथून विलायतेच्या प्रवासी जहाजावर, धुलाईखान्यात लागले. सोळा वर्षं त्यांनी समुद्राच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली बसून साहेबलोकांचे कोट आणि मेमसाहेबांचे रेशमी झगे धुतले. मग वाफेच्या यंत्रात उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली, आणि १९५६ साली ते गावी परतले. उरलेल्या तीन बोटांनी ते जे करत, ते दहा बोटांच्या माणसाला जमत नसे. हे मी ऐकीव सांगत नाही. मी चार वर्षं ते काम उभी राहून पाहिलं आहे, आणि दवाखान्याला उशीर झाला म्हणून बोलणीही खाल्ली आहेत.

डांबराच्या डागावर त्यांनी आधी लोणी चोळलं. तासाभरानं लोणी काळं झालं, ते खरवडलं. मग अंगणात, विस्तवापासून पन्नास पावलांवर, पेट्रोलचा बोळा डागाच्या कडेकडून आत फिरवत नेला. बाहेरून आत, कधीच आतून बाहेर नाही. वर खडूची भुकटी टाकून कोट सावलीत टांगला. दोन दिवसांनी मी बाही उजेडात धरून पाहिली. डाग कुठं होता ते मला दाखवता येईना.

आणि त्यांची घडी! सदरा पालथा टाकून बाह्या मागे, कॉलर मोकळी, आणि शेवटी तीन बोटं कॉलरवरून फिरवून घडीवर दोनदा हलकेच थापटायचे. त्या घडीचा सदरा ट्रंकेत महिनाभर पडला तरी चुरगळत नसे. आमच्या ह्यांना तर टॉवेलसुद्धा दोरीवर सरळ टाकता येत नव्हता. मी गफ्फारभाईंचं कौतुक घरी इतकं करायची की हे चिडून म्हणायचे, "मग त्याच्याच घरी राह्यले जा."

घरी जैबुनबी होतीच. गफ्फारभाईंची बायको मागच्या पडवीत रिठे फोडत बसायची. पुरुष गिऱ्हाईक आलं की डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढायची. न्यूमोनियानं फणफणून आमच्या दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टरांसमोरही तिनं पदर सोडला नव्हता. एका नवऱ्यासमोर काय ते तिचं डोकं उघडं असायचं.

दुकानाची एक रीत मात्र विचित्र होती. कपडा आला की गफ्फारभाई कॉलरच्या आत लाल धाग्यानं आकडा शिवायचे. शाई पेट्रोलात पुसली जाते, म्हणून धागा. प्रत्येक गिऱ्हाईकाला जहाजावरच्या एका खोलीचा नंबर. आमचा दोनशे सतरा. कपडा परत देताना मालकासमोर तो धागा कातरीनं कापायचा. नोकराच्या हाती कपडा देत नसत. बाकीच्यांची तिथंच भांडणं व्हायची. मला ते आमच्या ह्यांच्या बरोबरीचं धरत आणि कुरकुरत का होईना, देत.

"असं काहून?" मी एकदा विचारलं.

"मानूस जहाजावरून उतरला का त्याचा धागा कापाचा, असा तिथला नेम होता," ते म्हणाले. "धागा हाये तवरोक मानूस जहाजावर हाये."

"आणि तुमच्या कॉलरीत निळा काहून?"

"लाल मुसाफिराचा. निळा आमचा, काम करनाऱ्याचा. माहा छत्तीस. लाल-निळा मिसळाचा नाही, हा बी नेमच." मग इस्त्री बाजूला ठेवून त्यांनी जरा आवाज उतरवला. "एडनच्या पुढं एका सायबाचं सफेद जाकीट होतं. सकाळी पाह्यलं त धागा टेबलावर पडला होता. कोनी कापला नाही. गाठ तशीच. मी ध्यान नाही देल्लं, जाकीट पोचवून देल्लं. दुसऱ्या दिवशी सायेब खोलीत नव्हता. पुऱ्या जहाजात नव्हता."

"पडला असेल पिऊन," मी म्हटलं.

"असंन. पन असं मी आनखी चारदा पाह्यलं, सिस्टरबाई."

माझा थर्मामीटरवर विश्वास. मी हसून सोडून दिलं. पुढं १९६१च्या दिवाळीत रामधन शेठचा धागा असाच पडलेला सापडला, आणि गफ्फारभाई स्वतः त्यांच्या पेढीवर जाऊन "आज घरी राहा" सांगून आले. शेठनी त्यांना हाकलून दिलं. संध्याकाळी शेठना दवाखान्यात आणलं ते हृदय थांबल्यावरच. माझीच ड्यूटी होती. मी स्वतःला समजावलं की शेठचं ब्लडप्रेशर दोन वर्षांपासून मला पाठ होतं, त्यासाठी धागा कशाला हवा.

जानेवारी १९६३मध्ये थंडी अशी पडली की तुरीच्या शेंगा झाडावर काळ्या झाल्या. ह्यांना पैनगंगेवर पुलाच्या मोजणीचं काम आलं होतं. रोज जीपनं जायचं, नावेत बसून डोह ओलांडायचा, दोरीला शिसं लावून खोली मोजायची. कोट लॉन्ड्रीत होता. सोमवारी हे खोकत आले. मंगळवारी पहाटे पुन्हा निघायचं होतं. मी संध्याकाळी पाच वाजता कोट आणायला गेले.

गफ्फारभाई टेबलाशी उभे होते. कोट समोर, इस्त्री होऊन तयार. त्याच्या बाजूला लाल धाग्याचा तुकडा पडलेला.

"सायबाले पाठवा," ते म्हणाले.

"ते झोपले आहेत. अंगात कणकण आहे. द्या लवकर."

"उद्या नका जाऊ देऊ त्यायले."

"सरकारी काम आहे, गफ्फारभाई. तुमच्या धाग्यासाठी रजा मिळते का?"

सुईत नवा लाल धागा ओवून त्यांनी कॉलरच्या आत दोन, एक, सात शिवलं. त्या तीन बोटांतून सुई पाण्यासारखी चालायची. गाठ मारली, दातानं धागा तोडला, कोट खाली ठेवला. आम्ही दोघंही बघत होतो. धागा हळूहळू कापडातून बाहेर आला. कोणी टोक धरून ओढावं तसा, टाक्यामागून टाका, आणि टेबलावर जाऊन पडला. गाठ सुटलेली नव्हती.

पेट्रोलनं कापड गुळगुळीत झालं असेल. मी तसं म्हटलंसुद्धा.

गफ्फारभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या सदऱ्याची कॉलर उलटी केली, कातरीचं टोक घातलं आणि निळा धागा अख्खा उसवून काढला.

"गफ्फारभाई," मी म्हटलं.

"बोला."

मला काय बोलायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. हे असलं काही मी मानत नाही, असं मी गावभर सांगत फिरणारी बाई. मानत नव्हते, तर "हा काय खेळ लावला" म्हणून हसायला हवं होतं. मानत होते, तर "नको" म्हणायला हवं होतं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मी उभी राहिले आणि त्या तीन बोटांकडे बघत राहिले.

त्यांनी निळ्या धाग्यानं आमच्या कोटात छत्तीस शिवलं. धागा जागचा हलला नाही. त्यांनी कोटाची घडी घातली, कॉलरवरून बोटं फिरवली, दोनदा थापटलं.

"हा कापाचा नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. तुमी माह्या जैबुनले दवाखान्यात जगवलं. जा आता, अंधार पडून राह्यला."

मंगळवारी दुपारी तीनला जैबुनबीची हाक आली. डॉक्टर आणि मी धावत गेलो.

गफ्फारभाई इस्त्रीच्या टेबलाशी, स्टुलावर बसलेले होते. डोकं टेबलावर. कोळशाची इस्त्री बाजूला विझलेली, आतली राख चिखल झालेली. सदरा अंगाला चिकटलेला. जमिनीवर पाणी.

"बादली सांडली असेल," डॉक्टर म्हणाले.

बादली कोपऱ्यात होती. भरलेली.

मी त्यांना खाली निजवलं आणि छाती दाबली. तोंडातून पाणी आलं. पुन्हा दाबली, पुन्हा आलं. ओठांवर फेस. तळहाताची कातडी पांढरी, सुरकुतलेली. पावसाळ्यात खुनी नदीत वाहून गेलेल्यांचे हात मी पाहिलेले आहेत. असेच असतात.

डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं. मी सही केली.

घरी येऊन पाहिलं तर माझ्या पांढऱ्या लुगड्याचा काठ वाळून कडक झाला होता. झटकला. खाली भुकटी पडली. मी बोटावर घेऊन जिभेला लावली.

मीठ.

मी समुद्र तेव्हाही पाहिला नव्हता, अजूनही पाहिलेला नाही.

पाच वाजता जीप आली. नाव भर डोहात उलटली होती. नावाडी गेला, मोजणीची साखळी धरणारा धरमसिंग गेला, दोन मजूर गेले. हे एकटेच वाळूवर सापडले. सदरा, धोतर, बनियन, सगळं पिळून निघेल इतकं ओलं. वरचा कोट कोरडा. इस्त्रीची रेघसुद्धा मोडली नव्हती.

"कोनीतरी कॉलर धरून वर ओढलं," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांना मिठी मारून रडले. सुखानंच रडले, ते लपवणार नाही. नंतर कोटाची कॉलर उलटून पाहिली. निळा छत्तीस जागच्या जागी होता.

जैबुनबीला मी कधी काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून झाल्यावर ती दुकानात उरलेले कपडे घरोघर पोचवायला निघाली. आमच्याकडं आली तेव्हा दुपार होती. हे बाजेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. पुरुष दिसताच तिनं पदर कपाळाखाली ओढला आणि दारातच गाठोडं सोडलं.

"घड्या मोडल्या रस्त्यानं," ती म्हणाली. "माफ करा, बाई."

मी काही म्हणायच्या आत ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. गाठोडं पुढं ओढलं. वरचा सदरा घेतला, पालथा टाकला, बाह्या मागे नेल्या, कॉलर मोकळी ठेवली. आयुष्यात टॉवेल न आवरलेला माणूस. हात कुठं अडला नाही. मग त्यांनी कॉलरवरून बोटं फिरवली आणि घडीवर हलकेच दोनदा थापटलं. तीन बोटांनी. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्यांनी तळहातात घट्ट मुडपून धरली होती.

त्यांनी दुसरा सदरा घेतला.

मी जैबुनबीकडं पाहिलं. ती त्या हाताकडं बघत उंबऱ्याच्या आत येऊन बसली होती. तिचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता. तो तिनं पुन्हा वर घेतला नाही.