तळ्याकाठचा फ्रिज

तळ्याकाठी कुणीतरी फेकून दिलेल्या फ्रिजमध्ये पाच वर्षांची मुलगी अडकली. एका धुणेवालीला आतली धडपड ऐकू आली, म्हणून जीव वाचला. पण मुलगी अजून इस्पितळात होती. फ्रिजच्या पाठीवरचा क्रमांक एका निवृत्त शिक्षिकेचा निघाला.

"मी तो महिन्यापूर्वी नियमाने मोडीत दिला," ती ताईंना म्हणाली. "टेम्पोवाल्याने माझ्यासमोर दार काढलं, तशी पावतीही दिली. पण तळ्याकाठच्या फ्रिजला तर दार आहे. आता माझं कोण ऐकणार?"

ताई खासगी तपास करत. सोबत त्यांचे भावोजी असत; माणूस लाखाचा, पण विचाराला सावकाश.

शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात फ्रिज असायचा त्या जागेच्या उजवीकडच्या भिंतीला दाराची मूठ आपटून खळगा पडला होता. तळ्याकाठच्या फ्रिजच्या बिजागऱ्या डावीकडे होत्या, स्क्रू नवेकोरे.

टेम्पोवाल्याने सांगितलं, मोडीचं संकलन केंद्र त्या दिवशी बंद झालं होतं, म्हणून फ्रिज आणि सुटं दार फाटकाशी चौकीदाराच्या हवाली केलं. चौकीदाराने कानावर हात ठेवले. त्याची खोली खुराड्याएवढी. खाटेच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून, फरशीवर एक चौकोनी स्वच्छ जागा होती.

"टेम्पोवाल्यानेच फेकला," भावोजी परतताना म्हणाले. "पावती खोटी."

"मग दार फिरवून कुणी बसवलं, भावोजी? फेकायच्या वस्तूला कुणी नवे स्क्रू लावतं?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांना चौकीदाराच्या खोलीत जमवलं.

"बाईंच्या घरी दार उजव्या भिंतीवर आपटायचं, म्हणजे बिजागऱ्या उजवीकडे. तळ्याकाठी त्या डावीकडे. दार खरंच काढलं होतं आणि मग वापरण्यासाठी पुन्हा बसवलं. उजवीकडे अडचण असलेल्या माणसाने. इथे फरशीवरच्या या चौकोनी जागेच्या उजवीकडे खाट आहे. दार त्या बाजूला उघडलंच नसतं."

चौकीदाराने कबूल केलं. चालू फ्रिज मोडीत जाताना त्याला बघवलं नाही. पंधरवड्यात तो बंद पडला. केंद्राच्या नोंदीत नसलेली वस्तू आत कशी द्यायची, या भीतीने त्याने हातगाडीवरून तळं गाठलं.

"दार काढायला किती वेळ लागला असता?" शिक्षिकेने हळू विचारलं.

"चार स्क्रू होते," तो म्हणाला. "पोरगी बोलते का?"

"सकाळी बोलली," ताई म्हणाल्या. "परिचारिका खोलीचं दार लावत होती. तिला नको म्हणाली."