आतल्या खोलीतलं ‘हूं’

“दापोलीची गाडी?”

“सव्वातीन. फलाट चार.”

“हूं,” म्हणून तो माणूस वळला, आणि चौकशीच्या खिडकीत बसलेल्या मालनच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं.

एवढ्याशा हुंकारानं पेन थांबायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण हे सत्याऐंशी साल होतं, आणि रत्नागिरीत ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी निम्मी आळी ‘बिऱ्हाड नंबर सात’ बघायला बसत असे. त्या मालिकेतल्या घरात सात माणसं होती. दिसत सहा. सातवे आजोबा आतल्या खोलीत असत आणि ते दार सहसा उघडत नसे. सूनबाई हाक मारी, “मामंजी, ऐकलंत का?” आणि आतून येई— “हूं.” तेवढ्यात होकार, नकार, पोटदुखी आणि मुलाच्या अकलेबद्दलचं मत, सगळं कळायचं.

हे आजोबा कोण, हे विचारायला मालननं मालिकावाल्यांना आठ कार्डं घातली होती. खाली सही, ‘मालन, चौकशी खिडकी, एस.टी. स्टँड, रत्नागिरी’. पहिल्याच कार्डात तिनं एक तक्रारही जोडली होती: ‘तुमची सूनबाई रत्नागिरीची म्हणता, आणि ती सोलकढी गॅसवर उकळते. आमच्याकडे असं केलं तर माहेरी पाठवतील.’ उत्तर आलं नाही. पण पुढच्या भागात सोलकढीचं पातेलं गॅसवरून उतरलं ते उतरलंच. म्हणजे कार्डं कुणीतरी वाचत होतं. आजोबा कोण, हे कळल्याशिवाय थांबायचं नाही असं मालननं ठरवलं होतं. वेळापत्रक बदलेल, मालन नाही, असं डेपोत म्हणत.

“ओ, दापोली,” तिनं हाक मारली.

तो परत आला. तिशीच्या आतला, बाहीवर लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल.

“परत म्हणा.”

“काय?”

“आत्ता म्हणालात ते.”

“दापोलीची गाडी?”

“त्याच्यानंतरचं.”

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग लाजत, हळूच— “हूं?”

“प्रश्नचिन्ह नको.”

“हूं.”

रांगेत मागे येसूबाई माशांची रिकामी पाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, “गो बाय, ह्याचा घसा तपासून झाला असंल तर माजी पावसची गाडी सांग.”

येसूबाईला गाडी सांगून झाली, तरी तो तिथंच उभा होता.

“सोलकढी... तुम्हीच ना?” तो म्हणाला.

चार वर्षांच्या नोकरीत मालननं पहिल्यांदा ‘खिडकी बंद’ची पाटी वेळेआधी लावली.

प्रेमकथेतल्या नायकाचं नाव धोंडू नसावं, असा संकेत आहे. पण त्याच्या आईबापांना पुढं ही कथा होणार हे माहीत नव्हतं. धोंडू मेस्त्री, राहणार दापोलीजवळचं बुरोंडी, सध्या मुंबई. बिऱ्हाड नंबर सातच्या प्लायवूडच्या भिंती त्यानं उभ्या केल्या होत्या. “इथं जवळच मिरजोळ्याला जरा काम होतं, म्हणून इकडे,” असं तो कँटीनमध्ये म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला.

“आजोबांचे नट पहिल्या दिवशी आलेच नाहीत. मी दारामागे टेकू धरून बसलो होतो. दिग्दर्शक म्हणाले, कुणीतरी हूं म्हणा रे. मी जवळ होतो.”

“म्हणजे अख्खा महाराष्ट्र...”

“एका सुताराला मामंजी म्हणतो.”

मालन हसली नाही. हसू आलं की ती पदर सारखा करायची. तो तिनं दोनदा केला.

“आत खोलीत काय काय आहे?”

“खोलीच नाही. दोन टेकू, एक स्टूल, आणि मी.”

“आणि माझी कार्डं?”

“लोकांची पत्रं माझ्याकडे येतात, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घालायला.” तो बशीत बघत राहिला. “तुमची आठही माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. टेबल अजून डुगडुगतं.”

कँटीनच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

“आठव्यात तुम्ही लिहिलं होतं,” तो म्हणाला, “मामंजी दिवसभर आत एकटे, त्यांना कुणी चहा नेत नाही, हे बरं दिसत नाही. ते मी दिग्दर्शकांना वाचून दाखवलं.”

“मग सूनबाईनं दार बोटभर उघडून कप आत दिला. पाहिला तो भाग. खरा चहा होता?”

“गार होता. पण दोन वर्षांत मला तिथं कुणी पहिल्यांदाच चहा दिला.”

मालननं आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्या बशीत ओतला. गरम होता. त्याची बोटं भाजली असावीत, पण बशी त्यानं खाली ठेवली नाही.

“तुमची सव्वातीन गेली,” ती म्हणाली.

“साडेचारला आहे दुसरी.”

“तुम्हाला काय माहीत?”

“बाहेर पाटीवर लिहिलंय. सव्वातीनची पण.”

“मग खिडकीवर विचारायला कशाला आलात?”

“...हूं,” धोंडू म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

हे सगळं इथवर फार छान चाललं होतं. पण मालनला प्रश्न अर्धवट सोडायची सवय नव्हती.

“मुंबईला परत कधी?”

“परवा.”

तिनं कप खाली ठेवला.

“आमचे आप्पा बावीस वर्षं बोटीवर होते. वर्षातले अकरा महिने आई त्यांच्या फोटोशी बोलायची. फोटो हूंसुद्धा म्हणत नाही, धोंडूभाऊ. मी ठरवलंय. सकाळी डबा घेऊन जाईल आणि संध्याकाळी घरी येईल, असाच नवरा करायचा. बोट नाही, दुबई नाही, मुंबई नाही.”

“कुणी विचारलं तरी?”

“कुणीही. आवाज कितीही ओळखीचा असला तरी.” तिचा स्वतःचा आवाज मात्र जरासा डुगडुगला. “आणि ‘भाऊ’ चुकून म्हणाले. ते सोडून द्या.”

“हूं,” तो म्हणाला. दोन वर्षं ती त्या हुंकाराचे अर्थ लावत आली होती. ह्या एकाचा तिला लागला नाही. साडेचारच्या गाडीनं तो गेला.

नववं कार्ड मालननं लिहिलं नाही. एक कोरं कार्ड तिच्या पर्समध्ये पाच आठवडे फिरलं. आईनं विचारलं, “तब्येत बरी नाही का गो?” मालन म्हणाली, “बरी आहे,” आणि आणखी एक भाकरी घेतली. ठरवलं म्हणजे ठरवलं.

सहाव्या गुरुवारी आळी नेहमीसारखी जमली. पडद्यावर सूनबाईनं हाक मारली, “मामंजी, ऐकलंत का?”

आतून काहीच आलं नाही.

“बाबा गावी गेले,” पडद्यावरचा मुलगा म्हणाला. “कायमचे. म्हणाले, संध्याकाळचा चहा घरी प्यायचाय.”

आळी हळहळली. आप्पा चष्मा पुसत म्हणाले, “म्हातारा गेला वाटतं.”

“गेला नाही,” मालन म्हणाली. “आला असेल.” आणि आप्पांनी मान वळवायच्या आत ती पाणी आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीसमोर एक सावली येऊन थांबली.

“मिरजोळ्याहून संध्याकाळी परत यायला गाडी?”

मालननं मान वर केली नाही. धीर होत नव्हता. “सव्वासहा. साडेसहाला स्टँडवर.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

“म्हणजे तिथं एखाद्यानं सुतारकामाची शेड घेतली असली, तर तो माणूस रोज संध्याकाळी घरी येऊ शकतो?”

आता तिनं वर पाहिलं. कानावर पेन्सिल होती. काखेत पत्र्याची पेटी होती.

“घर कुणाचं त्याच्यावर आहे,” ती म्हणाली.

“तेच विचारायला आलोय. ते पाटीवर लिहिलेलं नाही.”

मागून येसूबाई म्हणाली, “सांग गो बाय, काय ता सांगून टाक. माजी गाडी सुटल.”

चार वर्षं मालननं त्या खिडकीत वेळ, फलाट, मार्ग, सगळं स्पष्ट आणि सविस्तर सांगितलं होतं. तिनं पेन ठेवलं. पदर सारखा केला. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदाही केला.

“हूं,” ती म्हणाली.

त्याला प्रश्नचिन्ह नव्हतं.